‘५५ टक्के अंतर्मुख’: एका विषयनिवडीचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली विद्यार्थिनी ही एकच अशी कोणी मुलगी नाही. शालेय समुपदेशनात पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून तिचं प्रकरण उभं केलं आहे. तिचे गुण उदाहरणादाखल घेतले आहेत, त्यांमागचा हिशेब मात्र जसा करतात तसाच केला आहे.

परिस्थिती

वय १५. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडायला सात आठवडे उरलेले. तिला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं, निदान वर्षभर ती तसं म्हणत होती. जीवशास्त्रात गुण चांगले, गणितात मध्यम, गृहपाठ कायम उशिरा. शाळेने सगळ्या वर्गाची एक ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याभरात प्रत्येकाच्या घरी बारा पानांचा रंगीत अहवाल पोहोचला. हिच्या अहवालात चार अक्षरांचा ‘प्रकार’ (एकेका अक्षावर माणूस कोणत्या बाजूला, हे सांगणारं एकेक अक्षर), त्याखाली ‘५५ टक्के अंतर्मुख’ आणि नवव्या पानावर सुचवलेल्या २४ कामांची यादी होती: लेखापाल, ग्रंथपाल, डेटा विश्लेषक, संपादक वगैरे. फिजिओथेरपी त्यात नव्हती. यादीखालच्या चौकटीत एक वाक्य होतं: ‘सतत लोकांशी संबंध येणारी कामं तुम्हाला थकवतील.’

वडिलांनी ते वाक्य अधोरेखित केलं. जीवशास्त्र सोडून लेखाशास्त्र घ्यायचं, असं घरात ठरत आलं. मुलीने वाद घातला नाही. तिचं हे गप्प राहणंच वर्गशिक्षिकेला खटकलं आणि तिने तिला समुपदेशकांकडे पाठवलं. पहिल्या भेटीत मुलगी म्हणाली, “मॅडम, मला वाटायचं मला लोक आवडतात. पण टेस्टमध्ये तसं आलं नाही.”

या प्रकरणाची सगळी अडचण या दोन वाक्यांत आहे. पंधरा वर्षं स्वतःसोबत राहिलेल्या मुलीने वीस मिनिटांच्या कागदावर जास्त विश्वास ठेवला. तिला दुसरी चाचणी देऊन पहिलीचं उत्तर खोडून काढणं सोपं होतं. पण मग तिचा विश्वास एका कागदावरून उठून दुसऱ्यावर बसला असता, एवढंच.

आधी अहवालाचीच तपासणी

पहिली भेट ४५ मिनिटांची, चाचणीशिवाय. अहवाल समोर ठेवून समुपदेशकांनी त्यालाच प्रश्न विचारले. चाचणी नेमकं काय मोजते? तुलना कोणाशी केली आहे? विश्वसनीयतेचा, म्हणजे पुन्हा मोजलं तर निकाल किती सारखा येतो याचा, आकडा दिला आहे का? कोणत्या वयासाठी आहे? भाषांतर कोणी आणि कसं तपासलं? कधी आणि कोणत्या वातावरणात भरली? सातव्या प्रश्नाचं उत्तर अहवालात नव्हतंच: निकाल समजावून सांगायला कोणी बसलं होतं का? कोणीच नाही. पीडीएफ थेट घरी गेली होती.

मग ‘५५ टक्के’ उलगडलं. चाचणीत ८० हो-नाही प्रश्न होते, त्यांपैकी २० अंतर्मुख-बहिर्मुख या अक्षावरचे. त्या वीसपैकी ११ उत्तरं अंतर्मुखतेच्या बाजूने गेली, ९ दुसऱ्या बाजूने. अकराला वीसने भागलं की ५५ टक्के. यात दोन उत्तरं उलटी पडली असती तर आकडा ९ विरुद्ध ११ झाला असता, अक्षर बदललं असतं आणि नवव्या पानावर वेगळीच यादी छापून आली असती. प्रकार पाडणाऱ्या सगळ्या चाचण्यांचा हा मूळ दोष आहे. माणसं बहुतेक अक्षांवर मधोमध दाटीने उभी असतात आणि चाचणी नेमकी त्या दाटीतून रेघ ओढते. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं किमान एक अक्षर बदलतं. मुलगी बदललेली नसते. ती रेघेजवळ उभी असते.

तुलनागटाबद्दल शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ सापडली: मानकं, म्हणजे तुलनेसाठी धरलेले गुण, नोकरदार प्रौढांची. ‘बैठकीत तुम्ही सहकाऱ्यांपुढे पुढाकार घेता का?’ हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलीपुढे कसा आला, हे तेव्हा कळलं. तिने ‘नाही’ लिहिलं होतं, कारण ती कधी बैठकीला बसलीच नव्हती. ‘मला एकटं राहायला आवडतं’ याला तिने ‘हो’ लिहिलं होतं. त्या महिन्यात तिचं मैत्रिणींशी बिनसलं होतं आणि मधल्या सुटीत ती एकटीच बसत होती. सुट्या प्रश्नांच्या उत्तरांवरून अर्थ काढायचा नसतो, हा नियम बरोबरच आहे. इथे मात्र अर्थ काढायचा नव्हता, प्रश्न समजला होता का एवढंच पाहायचं होतं. दोन प्रश्नांतच ते दिसलं. रेघ ओलांडायलाही नेमकी दोनच उत्तरं पुरेशी होती.

चाचणी संगणकखोलीत, सत्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, एका बाकावर दोघं बसवून घेतली होती. यावर जास्त बोलायची गरज नाही.

कोणती साधनं, आणि कशासाठी

एकाच चाचणीकडून सगळी उत्तरं मागितली जातात, तिथे गोंधळ सुरू होतो. कोणत्या प्रकारच्या कामाकडे मन ओढतं, हे आवडींची प्रश्नावली सांगते. शिकताना चढ किती लागेल, याचा अंदाज अभिक्षमता आणि शाळेतले गुण देतात. व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. ठरवलेल्या वाटेवर ही मुलगी कशी चालेल, कुठे अडेल, कोणत्या मांडणीत तिला काम सोपं जाईल, हे विचारायला ती उपयोगी पडते. नवव्या पानावरच्या यादीने व्यक्तिमत्त्वावरून दिशा काढली होती, म्हणजे चाल पाहून गाव सांगितलं होतं.

दिशेसाठी आवड जास्त भरवशाची का, याला आधार आहे. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली अनेक दीर्घकालीन अभ्यासांचे आकडे एकत्र केले. लोकांचा व्यक्तिमत्त्वगुणांतला आपसातला क्रम किती टिकतो, याचा सहसंबंध (१ म्हणजे क्रम जसाच्या तसा, ० म्हणजे काहीच संबंध नाही) बालपणी ०.३१, महाविद्यालयीन वयात ०.५४, तिशीला ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ च्या आसपास निघाला. व्यावसायिक आवडींचा असाच आढावा २००५ मध्ये झाला, बारा वर्षांपासून चाळिशीपर्यंतचा. त्यात आवडी व्यक्तिमत्त्वगुणांपेक्षा अधिक स्थिर दिसल्या आणि अठरा ते बावीस या काळात त्यांची स्थिरता एकदम वाढलेली दिसली. म्हणजे पंधराव्या वर्षी आवडीसुद्धा दगडावरची रेघ नसतात. पण निवड करायचीच असेल तर त्यांच्यावर पाय ठेवता येतो.

साधनं दोन घेतली. पहिलं, मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा प्रकारांवरची ६० प्रश्नांची आवड-प्रश्नावली: हाताने करायची कामं, शोधक कामं, कलात्मक, लोकसेवेची, पुढाकार घेऊन पटवण्याची आणि नोंदी-व्यवस्थेची. प्रत्येकी १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. दुसरं, व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांची (बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य, नवतेची ओढ) ५० विधानांची प्रश्नावली, मानसशास्त्रज्ञ लुईस गोल्डबर्ग यांच्या मुक्त विधानसंग्रहातली. ती वापरायला परवाना लागत नाही, पण तिच्यासोबत तयार मानकंही मिळत नाहीत. शाळेने आधीच्या दोन वर्षांत त्याच वयाच्या २४० मुलामुलींकडून तीच मराठी आवृत्ती भरून घेतली होती. त्यांच्याच गुणांवरून मानकांचा तक्ता बनवला.

समवयस्कांची मानकं हा चोखंदळपणा नाही. बालपणाकडून किशोरवयाकडे येताना कर्तव्यदक्षता आणि सौहार्द हे गुण सरासरीने खाली येतात आणि पुढे पुन्हा चढतात. अशा वयातल्या मुलीला चाळिशीच्या कारकुनाशी ताडून पाहिलं तर ती बेजबाबदार दिसणारच.

भाषांतरावर सर्वांत जास्त वेळ गेला. इंग्रजी विधानाला लिंग नसतं, मराठी क्रियापदाला असतं. ‘मी विसरतो/विसरते’ अशी तिरकी रेघ पन्नास वेळा आली की वाचण्याची लय तुटते, म्हणून मुलांची आणि मुलींची आवृत्ती वेगळी छापली. ‘मी गोष्टी विसरत नाही’ या विधानापुढे ‘असहमत’ हा पर्याय ठेवला की मूल दोन नकारांत अडकतं. तिथे ‘मला गोष्टी लक्षात राहतात’ असं सरळ केलं. खरा फसवा शब्द होता ‘गप्प’. ‘मी वर्गात गप्प बसते’ याला होकार देणाऱ्या मुली शिस्तीबद्दल बोलत होत्या, स्वभावाबद्दल नाही. ते विधान ‘अनोळखी माणसांत मी कमी बोलते’ असं बदललं आणि आठ मुलींना मोठ्याने वाचायला लावून, ‘हे वाचून काय आठवलं?’ असं विचारून तपासलं. आठ जणींना विचारायला तास-दीड तास लागतो. बहुतेक शाळा तो देत नाहीत.

भरण्याची बैठक

परीक्षा संपल्यावर दहा दिवसांनी, सकाळी, शांत खोलीत. कोणते निकाल कोण पाहणार, हे आधी लिहून ठरवलं: पूर्ण निकाल मुलगी पाहील, आईवडिलांना काय दाखवायचं ते ती ठरवेल, वर्गशिक्षिकेकडे काहीच जाणार नाही. मुलीची आणि पालकांची सही घेतली. हा करार निकालानंतर करायला गेलं तर तो करार राहत नाही, रस्सीखेच होते.

सूचना तोंडी दिल्या. आवडींच्या प्रश्नांत ‘हे करायला आवडेल का’ एवढंच पाहायचं. जमेल का, पैसे किती मिळतील, घरचे काय म्हणतील, हे सोडून द्यायचं. व्यक्तिमत्त्वाच्या विधानांत गेल्या आठवड्याचा विचार न करता गेल्या वर्षभरातली आपण डोळ्यांसमोर आणायची. पहिली प्रश्नावली १४ मिनिटांत झाली, दुसरी ९ मिनिटांत. पन्नास विधानं अडीच-तीन मिनिटांत संपली असती तर तो कागद वाचलाच नसता.

गुण मोजण्याआधी एक चाळणी लावली. किशोरवयीन मुलं समोर येईल त्याला होला हो लावण्याकडे झुकतात, आणि मूल जितकं लहान तितका हा फरक जास्त. सोतो आणि सहकाऱ्यांनी १० ते २० वर्षांच्या मोठ्या गटात २००८ मध्ये हे दाखवलं आहे. म्हणून उलट अर्थाच्या जोड्या पाहायच्या. ‘मी खूप बोलते’ आणि ‘मी फारसं बोलत नाही’ या दोन्हींना होकार असेल तर काहीतरी गडबड आहे. बहिर्मुखतेची पाच विधानं सरळ आणि पाच उलटी असल्याने तिथे हा घोळ बराचसा आपोआप कटतो. एकाच बाजूला झुकलेल्या घटकांत कटत नाही. हिच्या दहापैकी एका जोडीत विसंगती निघाली. तेवढी चालते. तीन-चार जोड्या निघाल्या असत्या तर गुण बाजूला ठेवून नुसतं बोलणंच बरं.

आकडे

आवडी, प्रत्येकी ४० पैकी: लोकसेवेची ३१, शोधक २९, हाताची २४, कलात्मक १७, पुढाकाराची १२, नोंदी-व्यवस्थेची ९. सर्वांत वरच्या आणि खालच्या गुणांत २२ चं अंतर आहे, म्हणजे चित्र सपाट नाही, आवडी वेगळ्या झालेल्या आहेत. सगळे गुण २० ते २५ मध्ये घुटमळत असते तर अर्थ वेगळा लावावा लागला असता: एक तर सगळंच आवडतं, किंवा अजून फारसं काही पाहिलेलंच नाही. दुसरं जास्त वेळा खरं असतं.

पहिल्या दोनांतल्या २ गुणांच्या फरकाला काही अर्थ नाही; ‘लोकसेवा आधी की शोधक आधी’ या वादात पडू नये. हाताच्या कामाचे २४ मात्र लक्ष देण्यासारखे. वस्तू विरुद्ध माणसं या आवडीत मुलगे आणि मुली यांच्यात मोठा सरासरी फरक दिसतो (२००९ च्या एका मोठ्या आढाव्यात तो प्रमाणित एककात ०.९३ होता), त्यामुळे मुलीचा हाताच्या कामाचा मध्यम गुण तिच्या वयाच्या मुलींत बऱ्याचदा वरचा असतो. तिच्या हाती स्क्रूड्रायव्हर किती वेळा आला होता, हेही विचारावं लागतं. तीन-चारदा, असं ती म्हणाली.

नोंदी-व्यवस्थेचे ९ गुण आणि लेखापालाची शिफारस एकमेकांशेजारी ठेवल्यावर वेगळं काही सांगावं लागलं नाही.

व्यक्तिमत्त्वाचे गुण ५० सरासरी आणि १० प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, याचं माप) असलेल्या मापात काढले. बहिर्मुखता ४३, सौहार्द ६१, नवतेची ओढ ५५, भावनिक स्थैर्य ४६, कर्तव्यदक्षता ३८.

इथे थांबून पट्टा काढायचा असतो आणि नेमका तोच अहवालांत नसतो. बहिर्मुखतेची विश्वसनीयता त्या तक्त्यात ०.८४ होती. मापनाची प्रमाण त्रुटी काढायची रीत अशी: १ मधून विश्वसनीयता वजा करायची (०.१६), तिचं वर्गमूळ घ्यायचं (०.४), विचलनाने गुणायचं (४). साधारण दुप्पट केलं की ९५ टक्के खात्रीचा पट्टा मिळतो: ४३ च्या दोन्ही बाजूंना ८, म्हणजे ३५ ते ५१. शंभर समवयस्कांच्या रांगेत ही मुलगी खालून सातव्या जागेपासून चोपन्नाव्या जागेपर्यंत कुठेही असू शकते. कर्तव्यदक्षतेची विश्वसनीयता ०.७५, म्हणून पट्टा आणखी रुंद: २८ ते ४८. ‘अंतर्मुख’ हा शब्द या पट्ट्यावर ठेवून पाहिला की तो किती घाईने वापरला होता, हे डोळ्यांनीच दिसतं. मुलीने पट्टा आलेखावर स्वतः पेन्सिलीने रंगवला.

निकाल सांगणं

ही भेट ७० मिनिटांची: ४० मिनिटं मुलीशी एकटीशी, ३० मिनिटं पालकांसह.

गुण दाखवण्याआधी पाच रिकाम्या रेघा देऊन तिला स्वतःची जागा खुणावायला सांगितलं. कर्तव्यदक्षतेची खूण पट्ट्यात बरोबर पडली. बहिर्मुखतेची तिने पार डाव्या टोकाला केली, पट्ट्याच्याही बाहेर. “टेस्टमध्ये तसंच आलं होतं ना.” पहिल्या अहवालाला पाच आठवडे झाले होते आणि तेवढ्यात तिने तो स्वतःबद्दलच्या समजुतीत मुरवून घेतला होता.

मग दोन कागदांची कसोटी. दोन्हींवर पाच-पाच वाक्यं. एका कागदावर तिच्या गुणांवरून लिहिलेली, दुसऱ्यावर जवळजवळ उलट्या गुणांच्या काल्पनिक विद्यार्थ्याची. नाव कशावरच नाही. ‘तुझी वाटतात ती निवड.’ तिने सात निवडली, त्यांतली तीन दुसऱ्याची. ही युक्ती बर्ट्रम फोरर यांच्या प्रयोगावर उभी आहे. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना एकच गुळमुळीत वर्णन ‘हे खास तुमचं’ म्हणून दिलं होतं आणि अचूकतेला त्यांनी सरासरी ५ पैकी ४.२६ गुण दिले. प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अहवाल अगदी माझ्यासारखाच आहे’ ही दाद त्यामुळे फारशी कामाची नसते. आपली नसलेली तीन वाक्यं आपण उचलली, हे पाहून मुलगी हसली. त्या भेटीत ती पहिल्यांदा मोकळी झाली ती तेव्हा.

भाषेचं पथ्य सांभाळलं. ‘तू अशी आहेस’ असं म्हणायचं नाही. ‘नव्या लोकांत तू तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलामुलींपेक्षा थोडी कमी बोलतेस, असं तू सांगितलंस. कुठे पटतं, कुठे पटत नाही?’ असं विचारायचं. तिने लगेच दोन उदाहरणं दिली: वर्गात उभं राहून बोलायला नको वाटतं, लहान मुलांना एकेकाला गणित समजावताना तास कसा जातो ते कळत नाही. दोन्ही ठिकाणी समोर माणसंच आहेत.

नवव्या पानावरच्या चौकटीतली खरी चूक इथे उघडी पडली. ‘लोकांशी संबंध’ हे एक काम नाही. एका माणसासोबत अर्धा तास एकाच गोष्टीवर काम करणं, रांगेतल्या शंभर जणांना दोन-दोन मिनिटं देणं, गटाला उभं करून शिकवणं, एखाद्याला पटवून वस्तू विकणं, फोनवर तक्रारी ऐकणं: ही पाच वेगळी कामं आहेत. फिजिओथेरपिस्टच्या दिवसाचा मोठा भाग पहिल्या प्रकारचा असतो. बहिर्मुखतेचा एक गुण या पाचांत फरक करू शकत नाही.

कर्तव्यदक्षतेचे ३८ सांगताना जास्त जपावं लागलं. हा गुण कामगिरीशी जोडलेला आहे. बॅरिक आणि माउंट यांच्या १९९१ च्या आढाव्यात पाच घटकांपैकी हाच सगळ्या व्यवसायगटांत कामगिरीशी संबंध दाखवणारा निघाला, संबंध माफक, ०.२ च्या आसपास. सगळ्याच व्यवसायांत उपयोगी पडणारी गोष्ट व्यवसाय निवडायला निरुपयोगी असते, हे अनेकदा सुटून जातं. ३८ वरून फिजिओथेरपी की लेखाशास्त्र, हे ठरत नाही. मोठा अभ्यासक्रम पेलायचा तर गृहपाठाची घडी कशी बसवायची, एवढा प्रश्न त्यातून निघतो, आणि तो विचारायलाच हवा होता.

भावनिक स्थैर्याचे ४६ सरासरीत होते. तिने ते पालकांना दाखवायचे नाहीत असं ठरवलं. करारानुसार दाखवले नाहीत.

वडिलांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: “मॅडम, मग आधीचा रिपोर्ट खोटा का?” उत्तर असं दिलं: “तुमची मुलगी मधल्या रेघेजवळ आहे, हे त्यातही दिसतच होतं. त्यांनी रेघेजवळचं माणूस रेघेपलीकडचं म्हणून छापलं.” दुसरा प्रश्न आईचा होता आणि तो जास्त कठीण: शिकायला इतकी वर्षं लागणार, मध्येच हिचा कंटाळा आला तर? यावर कोणतीही चाचणी उत्तर देत नाही, हे स्पष्ट सांगितलं आणि पुढची पायरी सुचवली.

एक मोह मात्र टाळावा लागला. लोकसेवा, शोधक आणि हाताचं काम या तीन आवडी आरोग्यसेवेतल्या बऱ्याच कामांभोवती येतात. तेव्हा ‘बघा, फिजिओथेरपीच आली’ म्हणून फाइल बंद करता आली असती. आपल्या मनासारख्या निघालेल्या निकालावर आपण कमी शंका घेतो, म्हणून त्याला जास्त तपासावं लागतं.

प्रत्यक्ष कामाजवळ

मुलीने एका रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात दोन वेळा, प्रत्येकी तीन तास, नुसतं पाहत बसायचं ठरलं. रुग्णांची संमती विभागाने घेतली. तिच्याजवळ चार रकान्यांचा कागद: काय चाललं होतं, समोर किती माणसं होती, माझं लक्ष कुठे होतं, संपल्यावर कसं वाटलं. दर वीस मिनिटांनी एक ओळ. अठरा ओळी व्हायला हव्या होत्या, झाल्या तेरा.

तेरापैकी आठ ओळींत ‘एक रुग्ण, एक थेरपिस्ट’. थकवा तीन ठिकाणी लिहिलेला: बाहेरची गर्दी, सतत वाजणारा फोन, आणि उपचारांच्या नोंदी भरणं. नोंदी-व्यवस्थेचे ९ गुण इथे जिवंत दिसले. नोंदी या कामातून टळत नाहीत, हेही तिला तिथेच कळलं. आणि एक ओळ बाकीच्यांपेक्षा लांब होती. मनगटासाठी आधारपट्टी बनवताना थेरपिस्टने प्लास्टिकचा पातळ पत्रा गरम पाण्यात मऊ केला आणि थंड होऊन कडक होण्याआधीच्या मोजक्या मिनिटांत तो रुग्णाच्या हातावर दाबून आकार दिला. मुलीने लिहिलं होतं, ‘हे मला करायचंय.’ ते काम फिजिओथेरपीपेक्षा ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिलेल्या उपचारांच्या) जास्त जवळचं आहे. कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवणं हा तर स्वतंत्र व्यवसाय आहे. तोपर्यंत या दोन्हींची नावं तिच्या घरात कोणी ऐकली नव्हती.

चाचणीने हे शोधलं नाही. हाताच्या कामाच्या २४ गुणांकडे दुर्लक्ष केलं असतं तर तिला त्या टेबलाजवळ उभं करायचं सुचलंही नसतं, एवढंच श्रेय चाचणीला द्यावं.

निवड आणि नंतर

शेवटच्या भेटीत एक तक्ता केला: सोडायच्या प्रत्येक विषयासमोर, तो सोडल्याने बंद होणाऱ्या वाटा लिहायच्या. जीवशास्त्रासमोर सहा वाटा आल्या, लेखाशास्त्रासमोर एकही नाही, कारण ते पुढे कधीही सुरुवातीपासून शिकता येतं. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित ठेवलं. गणित ठेवायला मुलगी नाखूश होती. कृत्रिम अवयव बनवण्याची वाट तिनेच यादीत घातली होती म्हणून ठेवलं. वडिलांनी सहा महिन्यांनी फेरविचाराची तारीख मागितली आणि ती कागदावर घातली.

गृहपाठाची योजना निम्मी फसली. रोजची तक्तावही तीन आठवडे चालली. रोज नऊ रकाने भरणं हे नेमकं तिला न जमणारं काम होतं, आणि ते तिच्यावरच लादलं होतं. ही चूक योजना आखणाऱ्यांची. नंतर दोनच गोष्टी ठेवल्या: शाळेतून आल्यावर पहिली २५ मिनिटं एका विषयाची, आणि रविवारी मैत्रिणीला एकच निरोप, काय उरलं आहे याचा. हे सहाव्या महिन्यातही, अधूनमधून खाडे होत, चालू होतं. मैत्रिणीशी परत जमलं होतं, हे त्या निरोपांवरूनच कळलं.

फेरविचाराच्या भेटीत वडिलांनी पुन्हा चाचणी घेऊ या म्हणून सुचवलं. त्या वेळी कोणताही निर्णय तिच्यावर अवलंबून नव्हता, म्हणून घेतली नाही.

शाळेने पुढच्या वर्गासाठी कामांच्या यादीचं पान काढून टाकलं, टक्क्यांच्या जागी पट्टे छापले आणि अहवाल घरी जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला २० मिनिटांची भेट ठेवली. चाळीस मुलांच्या वर्गाला त्यासाठी तेरा-साडेतेरा तास लागले, ते तीन आठवड्यांत पसरले. काही पालकांनी तक्रार केली: करिअरच सांगणार नसेल तर चाचणी घेता कशाला? पहिल्या पानावर, नावाखाली, आता चाचणीची तारीख असते आणि तिच्या पुढे अठरा महिन्यांनंतरची दुसरी तारीख: ‘या दिवसानंतर हा अहवाल वापरू नये.’